ईश्वर न मानणे : धर्म की धर्माचा अभाव?

दशलक्षण पर्वातील एका सायंकाळी प्रवचन आटोपल्यानंतर सभेतील एका महाविद्यालयीन तरुणाने प्रश्न विचारला, “आपण जगाचा निर्माता ईश्वर मानीत नाही. मग आपल्याला धर्म कसला? आणि मी स्वतःला नास्तिक म्हणवून घेतले, तर मी जैन उरतो की नाही?” सभा क्षणभर स्तब्ध झाली. त्याचे वडील, आमच्याच बाजारातील एक प्रतिष्ठित अडते, खाली मान घालून बसले. मुलाने सभेत अविनय केला असे त्यांना वाटले असावे. वस्तुतः त्या प्रश्नात अविनय मुळीच नव्हता. तो प्रश्न आपल्या आचार्यांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी स्वतःलाच विचारला होता आणि त्याचे उत्तरही दिले होते. ते उत्तर आपण विसरलो, ह्याची लाज वाटावयास हवी होती ती प्रश्नकर्त्याला नव्हे, तर आम्हा श्रोत्यांना.

हा प्रश्न आज जगभर निराळ्या रूपाने चर्चिला जातो. एक पक्ष म्हणतो की नास्तिकता हाही एक धर्मच होय, कारण ‘ईश्वर नाही’ हे विधान सिद्ध करता येत नाही आणि म्हणून तीदेखील एक श्रद्धाच ठरते. दुसरा पक्ष म्हणतो की नास्तिकता म्हणजे केवळ श्रद्धेचा अभाव होय, आणि अभावाला धर्म म्हणणे म्हणजे रिकाम्या कोठारालाच धान्याची एक जात मानण्यासारखे आहे. ह्या दोहोंचा निवाडा करावयाचा तर प्रथम ‘नास्तिक’ ह्या शब्दाचीच झडती घेतली पाहिजे. माप खोटे असेल तर तोल खरा उतरत नाही, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावयास नको.

शब्दाचा प्रवास

‘आस्तिक’ आणि ‘नास्तिक’ हे शब्द फार प्राचीन आहेत. पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात आस्तिक, नास्तिक आणि दैष्टिक ह्या तीन शब्दांची सिद्धी एकत्र सांगितली आहे. ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक आणि सर्व काही दैवाधीन असे मानणारा तो दैष्टिक. परंतु काय आहे आणि काय नाही? काशिका ह्या प्रसिद्ध वृत्तीने त्याचे उत्तर ‘परलोक’ असे दिले आहे. म्हणजे व्याकरणपरंपरेत नास्तिक तो, जो मरणोत्तर अस्तित्व आणि कर्मफल मानीत नाही. येथे ईश्वराचा संबंधच नाही.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात हा अर्थ पालटलेला दिसतो. तेथे वेदाची निंदा करणारा तो नास्तिक ठरविला आहे. हीच व्याख्या पुढे रूढ झाली आणि तिच्या आधारे चार्वाक, बौद्ध आणि जैन ही तिन्ही दर्शने एका रांगेत नास्तिक म्हणून बसविण्यात आली. ह्या रांगेत बसल्याने जैनांचे चार्वाकाशी मतैक्य सिद्ध होत नाही. दोघांनीही वेदाचे प्रामाण्य नाकारले, एवढाच काय तो समान धागा.

तिसरा अर्थ अलीकडचा आहे. पाश्चात्य विद्येच्या परिचयानंतर ‘ईश्वर न मानणारा तो नास्तिक’ असा अर्थ आपल्या बोलीत दृढ झाला. आज सामान्य माणूस हा शब्द ह्याच अर्थाने वापरतो. परिणामी एकाच शब्दाच्या पोटात तीन नकार दडले आहेत : परलोकाचा, वेदाचा आणि ईश्वराचा. जो एक नाकारतो तो इतर दोन्ही नाकारतोच असे नाही.

आठव्या शतकातील आचार्य हरिभद्रसूरींनी ‘षड्दर्शनसमुच्चय’ नामक ग्रंथात बौद्ध, नैयायिक, सांख्य, जैन, वैशेषिक आणि जैमिनीय ह्या सर्वांना आस्तिकवादीच म्हटले आहे आणि लोकायताचा म्हणजे चार्वाकमताचा विचार शेवटी वेगळा केला आहे. त्यांनी निवडलेली कसोटी पाणिनीय परंपरेची होती. प्रतिपक्षाने दिलेले नाव चिडून न झुगारता त्यांनी शब्दाचे जुने माप शांतपणे पुढे ठेवले, ह्यात त्यांची थोरवी आहे.

निर्मात्याचा नकार

ईश्वर न मानणे ही केवळ जैन-बौद्धांची मिरास आहे, असाही एक गैरसमज आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत प्रकृती आणि पुरुष ह्यांचे सविस्तर विवेचन आहे, परंतु जगन्निर्मात्या ईश्वराला तेथे स्थान नाही. पूर्वमीमांसा तर वेदाची कट्टर अभिमानी. तरीही सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त सृष्टिकर्त्या ईश्वराच्या कल्पनेचे जोरदार खंडन केले आहे. अर्थात मनूच्या व्याख्येने जे परम आस्तिक, तेच आजच्या व्याख्येने नास्तिक ठरतात. शब्द किती फसवा आहे हे ह्यावरून ध्यानात यावे.

ईश्वरवादी पक्षही दुबळा नव्हता. दहाव्या शतकाच्या सुमाराच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’मध्ये ईश्वरसिद्धीची प्रमाणे मोठ्या कुशलतेने मांडली. त्यांतील मुख्य युक्तिवाद असा की घट हे कार्य आहे, त्याला कर्ता कुंभार लागतो. त्याचप्रमाणे पृथ्वी, पर्वत हीही कार्ये आहेत, तेव्हा त्यांनाही कोणी बुद्धिमान कर्ता असलाच पाहिजे.

जैन आचार्यांनी ह्या युक्तिवादाची परीक्षा फार बारकाईने केली. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी, म्हणजे नवव्या शतकात, होऊन गेलेल्या आचार्य जिनसेनांनी ‘आदिपुराणा’च्या चौथ्या पर्वात ह्या विषयाला हात घातला आहे. त्यांच्या विवेचनाचा सारांश असा. निर्मितीपूर्वी हा कर्ता कोठे होता? त्याने जग ज्या द्रव्यातून घडविले ते द्रव्य कोणी घडविले? ते स्वयंसिद्ध मानावयाचे असेल तर जगच स्वयंसिद्ध मानण्यास हरकत कोणती? कर्ता कृतकृत्य असेल तर त्याला निर्माण करण्याची इच्छा का व्हावी, आणि कृतकृत्य नसेल तर तो कुंभारापेक्षा श्रेष्ठ कसा? करुणेने जग निर्मिले म्हणावे तर जगात दुःख का? आणि ज्याच्या त्याच्या कर्मानुसार तो सुखदुःख देतो असे म्हणावे तर फळ देणारे कर्मच ठरले, मग मध्ये ईश्वराचे प्रयोजन काय उरले? तेराव्या शतकातील मल्लिषेणसूरींच्या ‘स्याद्वादमंजरी’तही ह्या वादाचा सूक्ष्म ऊहापोह आहे.

ही खंडनपरंपरा वाचताना एक गोष्ट विशेष जाणवते. आचार्यांनी कर्ता नाकारला तो जबाबदारी झटकण्यासाठी नव्हे. ती अधिक घट्ट बांधण्यासाठी. कर्ता असेल तर त्याची प्रार्थना करून, त्याला प्रसन्न करून शिक्षेत सूट मिळविण्याची आशा ठेवता येते. कर्माच्या हिशेबात सूट नाही आणि वशिलाही नाही. ज्याने नावे मांडले त्यानेच ते फेडावयाचे असते.

नकारानंतर उरते ते काय?

नकाराची सीमा कोठे संपते, हे पाहणे आता क्रमप्राप्त आहे. जैन दर्शनाने जगत्कर्ता नाकारला, परंतु जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश आणि काल ही सहा द्रव्ये मानली. जीव स्वतःच्या कर्माचा कर्ता आणि भोक्ता आहे असे मानले. बंध मानला, मोक्ष मानला आणि सम्यग्दर्शन, सम्यग्ज्ञान व सम्यक्चारित्र हा मोक्षाचा मार्गही सांगितला. देव हा शब्दही आपण टाकला नाही. स्वर्गातील देव हे आपल्यासारखेच संसारी जीव होत आणि त्यांचेही आयुष्य संपते. पूज्य म्हणून जे देव आपण मानतो ते अरिहंत आणि सिद्ध. ते काही देत नाहीत आणि घेत नाहीत. नमोकार मंत्रात ज्या पाच परमेष्ठींना वंदन आहे त्यांत एकाही व्यक्तीचे नाव नाही आणि एकही मागणे नाही.

विशेष म्हणजे आपल्या शास्त्रात ‘आस्तिक्य’ हा शब्दच सम्यक्त्वाचे एक लक्षण म्हणून आला आहे. प्रशम, संवेग, अनुकंपा आणि आस्तिक्य ही ती लक्षणे होत. श्वेतांबर परंपरा त्यांत निर्वेदाची भर घालून ती पाच मोजते. जीवादी तत्त्वे आहेत अशी दृढ प्रतीती म्हणजे आस्तिक्य. तेव्हा जैन मनुष्य निरीश्वरवादी आहे हे खरे. तो नास्तिक आहे हे मात्र त्याच्या स्वतःच्या शास्त्राच्या कसोटीवर खरे नाही.

ह्या संदर्भात एका व्यापाऱ्याचेच उदाहरण देणे उचित होईल. श्रीमद् राजचंद्र (जन्म १८६७) हे मुंबईस जवाहिऱ्याचा व्यापार करीत. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतलेल्या गांधीजींची त्यांच्याशी गाठ पडली. पुढे दक्षिण आफ्रिकेत असताना धर्माविषयी मनात मोठा गोंधळ उडाला, तेव्हा गांधीजींनी १८९४ साली त्यांना सत्तावीस प्रश्न लिहून पाठविले. ईश्वर म्हणजे काय आणि तो जगाचा कर्ता आहे हे खरे काय, हा त्यांतला एक प्रश्न. राजचंद्रांनी उत्तर दिले त्याचा आशय असा की कर्मबंधनातून मुक्त झालेला आत्मा हाच ईश्वर होय आणि तो जगाचा कर्ता नव्हे. मोत्याची पारख करणाऱ्या ह्या पुरुषाने ईश्वराची पारखही तितक्याच निर्भयपणे केली आणि तरी त्यांच्या धार्मिकतेविषयी गांधीजींना कधी शंका आली नाही. राजचंद्र १९०१ साली अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी निवर्तले, परंतु त्यांचा प्रभाव गांधीजींनी आयुष्यभर मान्य केला.

लंघन आणि उपवास

आता मूळ प्रश्नाकडे वळू. केवळ ‘मी ईश्वर मानीत नाही’ एवढे म्हणणे हा धर्म होतो काय?

आपल्या नित्याच्या आचारातील एक उदाहरण घेऊ. एक मनुष्य वैद्याच्या सांगण्यावरून दिवसभर जेवला नाही, दुसऱ्याला प्रवासात अन्न मिळाले नाही, तिसऱ्याने प्रातःकाळी प्रत्याख्यान घेऊन अन्नाचा त्याग केला. तिघांच्याही पोटात अन्न नाही. तथापि पहिल्याचे ते लंघन, दुसऱ्याची ती उपासमार आणि तिसऱ्याचा तो उपवास. न जेवणे तिघांत समान आहे. उपवास मात्र न जेवण्यामुळे होत नाही, तो संकल्पामुळे, हेतूमुळे आणि त्या दिवशीच्या आचारामुळे होतो. ईश्वर न मानण्याचेही तसेच आहे. नुसता नकार हा धर्म नव्हे, आणि नकार आहे म्हणून धर्म नाही, असेही नव्हे. नकाराबरोबर काय स्वीकारले, कोणत्या व्रताने स्वतःला बांधून घेतले, ह्यावर सारे अवलंबून आहे.

न्यायशास्त्राने अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत आणि आपल्या समंतभद्राचार्यांनीही ‘आप्तमीमांसे’त त्यांचा विचार केला आहे. वस्तू अद्याप उत्पन्नच झाली नाही तो प्रागभाव; होती ती नष्ट झाली तो प्रध्वंसाभाव; एक वस्तू दुसरी नव्हे तो अन्योन्याभाव; आणि कधीच नाही तो अत्यंताभाव. न मानणाऱ्यांचीही अशीच वर्गवारी करता येईल. ज्या बालकाच्या कानी ईश्वराची कल्पनाच पडली नाही, त्याचे न मानणे पहिल्या प्रकारचे. ज्याची श्रद्धा आयुष्यातील एखाद्या आघाताने किंवा अध्ययनाने गेली, त्याचे दुसऱ्या प्रकारचे. ‘तुझा देव माझा नव्हे, म्हणून तू नास्तिक’ असा आरोप ज्याच्यावर होतो, तो तिसऱ्या प्रकारात मोडतो. प्राचीन रोममध्ये आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनाही तेथील देवता न मानल्यामुळे निरीश्वर म्हणत असत, आणि आपल्याला मिळालेले नास्तिक हे नावही बव्हंशी ह्याच जातीचे. सर्व बाजूंनी विचार करून ‘असा कर्ता संभवत नाही’ ह्या निर्णयास जो आला, तो चौथ्या प्रकारचा. खतावणीत ज्याचे खातेच उघडलेले नाही आणि ज्याच्या खात्याची बाकी शून्य आहे, त्या दोघांना आपण एक समजत नाही. मग मनुष्याच्या अंतःकरणाचा हिशेब करताना एवढी ढिलाई का असावी?

‘ईश्वर नाही हे सिद्ध करता येत नाही, तेव्हा तीही श्रद्धाच’ ह्या आक्षेपाचे उत्तर आपल्याला सहज देता यावे. एखाद्याने आपल्याकडे येणे आहे असे सांगितले, तर पुरावा त्याने दाखवावयाचा असतो. हुंडी किंवा हातचिठ्ठी नसताना ते येणे मान्य न करणे म्हणजे काही नवी श्रद्धा धारण करणे नव्हे. तेव्हा केवळ मान्य न करण्याला श्रद्धा म्हणता येणार नाही. उलट जो पुढे जाऊन आत्मा नाहीच, कर्मफल नाहीच, असे ठाम प्रतिपादन करतो, त्याने आपल्या विधानाचा भार स्वतः उचलला पाहिजे.

येथे अज्ञेयवादाचाही उल्लेख करावयास हवा. ‘ह्या विषयी ज्ञान होऊ शकत नाही, म्हणून मी होय म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही’ अशी ही भूमिका. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ हक्सले ह्यांनी १८६९ साली तिला आजचे नाव दिले. महाराष्ट्रात ‘सुधारक’कार आगरकर ह्याच विचाराचे मानले जातात. कित्येक जण स्याद्वादाला अज्ञेयवाद समजतात, तो भ्रम होय. स्याद्वाद ‘कळत नाही’ असे म्हणत नाही. अमुक अपेक्षेने आहे आणि अमुक अपेक्षेने नाही, असे तो निश्चयाने सांगतो.

आचारयुक्त नास्तिकता

मग ज्यांनी नास्तिकतेलाच जीवनाची दिशा मानले, त्यांचे काय? आंध्रातील गोपराजू रामचंद्र राव, म्हणजे ‘गोरा’, ह्यांनी १९४० साली मुदुनूर ह्या खेड्यात नास्तिक केंद्राची स्थापना केली आणि १९४७ मध्ये ते विजयवाड्यास नेले. अस्पृश्यतानिवारण, सहभोजने, आंतरजातीय विवाह ही त्यांची कार्ये होती. गांधीजींशी त्यांनी सेवाग्रामला दीर्घ चर्चा केली, आणि ईश्वरनिष्ठ गांधीजींनी त्यांना जवळ केले. गांधीजी स्वतःही ‘ईश्वर सत्य आहे’ येथून निघून १९३१ च्या सुमारास ‘सत्य हाच ईश्वर आहे’ येथवर आले होते, कारण सत्याची गरज नास्तिकही नाकारीत नाही. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची पुण्यात हत्या झाली. ही माणसे निष्ठेने, त्यागाने आणि संघटनेने कोणत्याही धार्मिक मनुष्याच्या बरोबरीची होती.

तरीही त्यांच्या कार्याला ‘धर्म’ म्हणावे काय? धर्माची तीन अंगे सामान्यतः दिसतात. जीवनाचे अंतिम स्वरूप सांगणारे दर्शन, त्यानुसार व्रतबद्ध आचार, आणि ते दोन्ही पिढ्यानुपिढ्या जतन करणारा संघ. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती पाहा. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य ह्याचा मंत्री बिचिराज ह्याने ती १२०४ साली बांधली. आत नेमिनाथ तीर्थंकरांची मूर्ती आहे, जगत्कर्त्याची नव्हे. आणि तरी ते मंदिर आहे ह्याविषयी आठशे वर्षांत कोणी शंका घेतली नाही. कारण तीन्ही अंगे तेथे पूर्ण आहेत. आधुनिक नास्तिकांपैकी काहींच्या ठिकाणी आचार आहे, काहींच्या ठिकाणी संघही आहे. परंतु त्यांतील बहुतेकांना आपल्या विचाराला धर्म म्हणवून घेणे स्वतःलाच मान्य नाही. ज्याला जे नाव नको ते त्याच्यावर लादणे, हा हरिभद्रांचा मार्ग नव्हे.

मतभेद असूनही प्रतिपक्षाचा आदर कसा करावा, ह्याचे एक उदाहरण आपल्याच ग्रंथभांडारांत आहे. चार्वाकांचे मूळ वाङ्मय जवळजवळ सर्व लुप्त झाले. त्या विचारपरंपरेशी निगडित मानला जाणारा जयराशी भट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ हा ग्रंथ मात्र वाचला, आणि तो पाटण येथील जैन भांडारात. पंडित सुखलालजी संघवी आणि रसिकलाल परीख ह्यांनी संपादिलेला हा ग्रंथ १९४० साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रकाशित झाला. ज्या मताचे खंडन करावयाचे, त्याचे पोथीरूप शतकानुशतके वाळवीपासून जपावयाचे, हा अनेकांत नुसता बोलण्याचा नव्हे.

कायद्याचा निर्णय

तत्त्वज्ञांचा वाद न्यायालयातही गेला आणि तेथे जैनांचे उदाहरण निर्णायक ठरले. उडुपीच्या माध्व परंपरेतील शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली धर्म ह्या शब्दाचा अर्थ लावला. अमेरिकेतील एका जुन्या निकालात मनुष्याचे आपल्या निर्मात्याशी असलेले नाते म्हणजे धर्म, अशी व्याख्या केली होती. न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी ह्यांनी ती अपुरी ठरविली, कारण भारतात बौद्ध आणि जैन हे सुविख्यात धर्म ईश्वर किंवा बुद्धिमान आदिकारण मानीत नाहीत. कट्टर ईश्वरवादी मठाच्या खटल्यात निरीश्वर धर्मांची साक्ष निघावी, हा मोठाच योग म्हणावा लागेल.

त्याच वर्षी मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० संबंधीचा रतिलाल पानाचंद गांधी ह्यांचा खटला निकालात निघाला. रतिलाल हे एका श्वेतांबर जैन मंदिराचे वहिवाटदार होते. धर्म म्हणजे केवळ मत नव्हे, तो आचारातूनही व्यक्त होतो, असे न्यायालयाने सांगितले आणि मूळ धार्मिक हेतू पार पाडता येत असताना विश्वस्तनिधी अन्य कारणासाठी वळविणे हे धर्मस्वातंत्र्यावरील अतिक्रमण ठरविले. आपल्या समाजातील प्रत्येक विश्वस्ताने हे दोन्ही निकाल जाणून घेतले पाहिजेत. ‘ईश्वर नाही म्हणजे धर्म नाही’ हा समज न्यायालयाने स्वीकारला असता, तर मंदिरांच्या निधीला मिळणारे घटनेचे संरक्षणही डळमळले असते.

ह्याच्या उलट बाजूचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. त्या प्रकरणातील अर्जदार येशू ख्रिस्ताला मानीत, परंतु ख्रिस्ती धर्म किंवा अन्य कोणताही धर्म मानीत नसत. कोणाही नागरिकास धर्म सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि ‘माझा कोणताही धर्म नाही’ असे म्हणण्याचा त्याला अधिकार आहे, असे न्यायालयाने ठरविले. आपल्याकडे कर्त्या ईश्वरावाचून धर्म, तर त्यांच्याकडे धर्मावाचून ईश्वर! ह्या दोन गोष्टी एकमेकींपासून किती स्वतंत्र आहेत ह्याचा ह्याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

परदेशांतही असेच अनुभव आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली ईश्वरावरील विश्वासाची घोषणा केल्याशिवाय सरकारी पद न देण्याची मेरिलँड राज्याची अट रद्द केली. २००५ साली तेथील एका अपील न्यायालयाने तुरुंगातील एका नास्तिकाच्या बाबतीत, घटनेच्या संरक्षणापुरते, नास्तिकतेला धर्मासमान मानले. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्याने धर्माबरोबर धर्माचा अभावही संरक्षित केला. ह्यातून नास्तिकता हा धर्म आहे असे सिद्ध होत नाही. कायद्याचा हेतू व्याख्या करण्याचा नसून अन्याय टाळण्याचा असतो. छत्री पाऊस अडविते, म्हणून ती घर ठरत नाही.

त्या तरुणास उत्तर

आता त्या तरुणाला काय सांगावे? प्रथम त्याला विचारावे, “बाळा, तू नेमके काय नाकारतोस?” वर बसून नफानुकसान वाटणारा, नवसाला पावणारा, रागावणारा ईश्वर तो नाकारीत असेल, तर त्याने जैन धर्म सोडलेला नाही. जिनसेनाचार्यांच्या पंक्तीला तो नकळत जाऊन बसला आहे. किंबहुना भाव वाढावा म्हणून तीर्थंकरांपुढे मागणे मागणारा आपल्यातील प्रौढ व्यापारी सिद्धांतापासून त्याच्यापेक्षा अधिक दूर आहे, हेही प्रामाणिकपणे कबूल करावे. मुलांची अश्रद्धा पुष्कळदा आपल्याच चुकीच्या श्रद्धेतून जन्मास येते. आपण त्याला वीतरागाचे दर्शन घडविले नाही. दाता म्हणून देव दाखविला. त्याने दाता नाकारला आणि त्याबरोबर वीतरागही त्याच्या हातून सुटला.

परंतु तो आत्मा, कर्म आणि परलोकही नाकारीत असेल, तर तो वेगळ्या पायरीवर उभा आहे. त्याला खोटे बोलावयास लावू नये आणि घराबाहेरही काढू नये. त्याचे न मानणे हा धर्म नाही, परंतु तो अधर्मही नाही. सत्य, अचौर्य, परिग्रहाची मर्यादा ही अणुव्रते तो पाळू शकतो आणि कित्येकदा आपल्यापेक्षा चोख पाळतो. त्याने मात्र एवढे ध्यानी घ्यावे की नकार हा आरंभ आहे. जीवन त्यावर उभे राहत नाही. वजन खरे ठेवावे ते का, दुर्बळाला फसवू नये ते का, ह्याचे उत्तर त्यालाही कोठून तरी मिळवावे लागेल.

ह्याला व्यावहारिक बाजूही आहे. २०११ च्या जनगणनेत जैनांची संख्या ४४ लाख ५१ हजार भरली. सुमारे २८ लाख ६७ हजार लोकांचा धर्म नमूद झाला नाही, तर स्वतःस स्पष्टपणे नास्तिक नोंदविणारे सुमारे ३३ हजारच होते. नमूद न होणे आणि नास्तिक असणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे ह्या आकड्यांतही दिसते. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र सरकारने जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्य म्हणून अधिसूचित केले. नवी जनगणना १ मार्च २०२७ ह्या संदर्भ दिनांकाने व्हावयाची आहे. प्रगणक दारी येईल तेव्हा ‘आम्ही ईश्वर मानीत नाही’ ह्या कारणाने कोणी धर्माचा रकाना रिकामा ठेवू नये, तसेच ज्याला खरोखर तो रिकामा ठेवावयाचा आहे त्याच्यावर वडीलधाऱ्यांनी दडपण आणू नये. दोन्ही ठिकाणी नोंद खरी असावी, एवढेच.

आपण वर्षाच्या अखेरीस वही मिटविताना जे येणे नाही ते दाखवीत नाही आणि जे देणे आहे ते लपवीत नाही. श्रद्धेच्या वहीलाही हाच नियम लावला, तर त्या तरुणाच्या वडिलांना सभेत मान खाली घालण्याचे कारण उरणार नाही.